निवडून आला नसतात, तरी हे पैसे मिळाले असते का?

प्रश्न असा आहे: ‘आमच्या भागातून निवडून आलेल्या बाई पेशाने नर्स आहेत. निवडून आल्यावरही त्या आठवड्यातले दोन दिवस रुग्णालयात ड्यूटी करतात. विरोधकांनी त्यावरून रान उठवलं आहे. जनतेकडून मानधन घ्यायचं आणि शिवाय दुसरीकडे नोकरी करायची, हे योग्य आहे का? लोकप्रतिनिधींना बाहेरचं काम करायला सरसकट बंदीच का घालू नये?’

मी वकील आहे. लोकप्रतिनिधींची मालमत्तेची प्रतिज्ञापत्रं आणि हितसंबंधांची विवरणपत्रं तयार करणं, एखादं काम घ्यावं की नाकारावं याचा त्यांना सल्ला देणं, हे मी वीसेक वर्षं करत आलो आहे. त्या अनुभवावरून सांगतो: तुमच्या भागातल्या बाईंच्या ड्यूटीची मला फारशी काळजी वाटत नाही. ज्या उत्पन्नाची काळजी वाटावी, ते सहसा गणवेश घालून, हजेरीपटावर सही करून मिळवलेलं नसतं.

माझ्याकडे कुणी नवा सदस्य आला आणि ‘अमुक ठिकाणाहून मला काम आलं आहे, घेऊ का?’ म्हणाला, की मी आधी नियमांचं पुस्तक उघडत नाही. एकच विचारतो: तुम्ही निवडून आला नसतात, तरी हे काम तुम्हाला याच दराने मिळालं असतं का? नर्सचं उत्तर ‘हो’ येतं. शिक्षकाचं येतं, ड्रायव्हरचं येतं, शेती करणाऱ्याचं येतं. निवडून आल्यानंतर तीन महिन्यांत कुठल्या तरी कंपनीने ‘धोरणात्मक सल्लागार’ म्हणून नेमलेल्या माणसाचं येत नाही. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, हे आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. पोळी नेमकी कशाबद्दल वाढली जाते आहे, एवढंच पाहायचं.

सरसकट बंदीच्या आधी थोडा इतिहास पाहावा लागेल, कारण लोकप्रतिनिधीने दुसरं काम करणं ही नवी पद्धत नाही. त्याला पगार देणं हीच तुलनेने नवी पद्धत आहे. ब्रिटनच्या हाऊस ऑफ कॉमन्सच्या सदस्यांना नियमित वेतन सुरू झालं ते १९११ साली, वर्षाला ४०० पौंड. त्याच्या आधी संसदेत बसायचं ते घरच्या पैशावर. कामगारांच्या मताधिकारासाठी लढणाऱ्या चार्टिस्ट चळवळीने १८३८च्या सनदेत ज्या सहा मागण्या केल्या, त्यांतली एक सदस्यांना वेतन द्या ही होती. कामगाराला मताचा हक्क मिळाला आणि निवडून आल्यावर त्याची चूल पेटली नाही, तर तो हक्क अर्धाच राहतो, हे त्यांना नीट कळलं होतं. पुढे मजूर पक्षाच्या सदस्यांचा खर्च कामगार संघटना उचलू लागल्या. १९०९च्या ऑस्बोर्न निकालाने तेही बेकायदा ठरवलं, आणि त्या कोंडीतून १९११चं वेतन आलं. कामकाजाच्या वेळाही सोयीच्या होत्या. कित्येक दशकं कॉमन्सची बैठक दुपारी अडीचला सुरू व्हायची. सकाळी कोर्ट, पेढी किंवा कंपनीचं कार्यालय, मग संसद. सभागृहाचं घड्याळच वकील आणि धनिकांच्या दिनक्रमाला लावलेलं होतं.

आजही जिथे वेतन नाममात्र आहे, तिथे काय होतं ते अमेरिकेतल्या राज्यांत पाहता येतं. न्यू हॅम्पशायरच्या प्रतिनिधिगृहात ४०० सदस्य आहेत आणि त्यांचं वेतन दोन वर्षांच्या कार्यकाळाला २०० डॉलर. १८८९ साली ठरलेला हा आकडा अजून तोच आहे. टेक्ससमध्ये सदस्याला महिन्याला ६०० डॉलर मिळतात, आणि विधिमंडळाचं नियमित अधिवेशन दर विषम वर्षी १४० दिवसांपर्यंत चालतं. ‘नागरिक-आमदार’ ही त्यामागची कल्पना ऐकायला सुंदर आहे: चार महिने कायदे करा, मग आपापल्या कामावर परत जा. पण साडेचार महिने सुट्टी देणारा मालक कुणाला मिळतो? अशा सभागृहात निवृत्त माणसं बसू शकतात, स्वतःचा धंदा असलेली बसू शकतात, भागीदार सांभाळून घेतील असे वकील बसू शकतात. तासावर रोजंदारी घेणारी बाई तिथे उमेदवारी अर्जच भरत नाही. म्हणून जेव्हा कुणी मला सांगतं की बाहेरच्या कामाला बंदी घाला, तेव्हा मी आधी विचारतो, वेतन किती देणार? पुरेसं वेतन न देता घातलेली बंदी सभागृहाचं दार फक्त श्रीमंतांसाठी उघडं ठेवते.

बंदीची मागणी करणारे आणखी एक गोष्ट विसरतात. अमेरिकी काँग्रेसच्या सदस्याचं वेतन २००९पासून १,७४,००० डॉलर आहे, आणि बाहेरच्या कमाईवर मर्यादाही आहे. सरकारी वेतनश्रेणीतल्या एका ठरावीक पायरीच्या पंधरा टक्के, म्हणजे साधारण तीस हजार डॉलर. वकिली किंवा डॉक्टरकीसारख्या विश्वासावर चालणाऱ्या व्यवसायाची फी तर घेताच येत नाही. नियम कडक आहे. पण तो मेहनतीच्या कमाईला लागतो. भाडं, व्याज, लाभांश, शेअरच्या नफ्याला लागत नाही. एखाद्या सदस्याने शनिवार-रविवार काम करून मर्यादेबाहेर पैसे मिळवले तर तो दोषी. दुसऱ्या एखाद्या सदस्याच्या स्वतःच्या नावावर कोट्यवधींचे शेअर असले आणि त्याच कंपन्यांच्या कायद्यावर तो मत देत असला, तर त्याने ते जाहीर केले की काम भागलं. श्रमाला मोजमाप आणि मालकीला मोकळीक, ही गोष्ट मला इतक्या वर्षांनंतरही खटकते.

टॉम कोबर्न यांचं उदाहरण यासाठी लक्षात ठेवण्यासारखं आहे. ते अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्याचे सिनेटर होते, आणि पेशाने प्रसूतितज्ज्ञ. प्रतिनिधिगृहात असताना त्यांना खर्चापुरते पैसे घेऊन व्यवसाय करायची मुभा होती. सिनेटमध्ये आल्यावर आचारसंहिता समितीने फी घ्यायला मनाई केली, तर ते मोफत बाळंतपणं करू लागले, आणि नफ्यावर चालणाऱ्या रुग्णालयात ती होतात म्हणून समितीने त्यालाही हरकत घेतली. त्यांच्या राजकारणाशी माझं जमत नाही, पण इथे माझी सहानुभूती डॉक्टरकडे आहे. उलट २०२० साली कोविडच्या पहिल्या लाटेत आयर्लंडचे तेव्हाचे पंतप्रधान लिओ वराडकर यांनी डॉक्टर म्हणून पुन्हा नोंदणी केली आणि आठवड्यातला थोडा वेळ आरोग्यसेवेला दिला. त्याच सुमारास ब्रिटिश खासदार नाडिया व्हिटम पुन्हा वृद्धांची सेवा करायच्या जुन्या कामावर गेल्या. तेव्हा कुणी ‘दोन दगडांवर पाय’ असं म्हणालं नाही. ते काम साऱ्यांच्या डोळ्यांसमोर होतं आणि त्यातून सदस्याकडे काय येतं हे प्रत्येकाला दिसत होतं.

आता ज्याची खरी काळजी करावी त्याकडे येतो.

ओवेन पॅटरसन हे ब्रिटनचे माजी मंत्री आणि खासदार. रॅन्डॉक्स या वैद्यकीय तपासणी करणाऱ्या कंपनीचे ते सल्लागार होते. नोंदवहीत लिहिलं होतं: महिन्याला अंदाजे १६ तास, ८,३३३ पौंड. भागाकार करा, तासाला पाचशे पौंडांवर जातं. शिवाय खाद्यपदार्थांच्या एका कंपनीचं सल्लागारपद वेगळं. यातलं काहीही लपवलेलं नव्हतं आणि सल्लागार असणं तेव्हा नियमात बसत होतं. दोष वेगळाच निघाला: या कंपन्यांच्या वतीने ते सरकारी यंत्रणांकडे आणि मंत्र्यांकडे पुन्हापुन्हा शब्द टाकत होते. ऑक्टोबर २०२१मध्ये संसदेच्या समितीने ३० बैठकींच्या निलंबनाची शिफारस केली. सरकारने आपल्या माणसाला वाचवण्यासाठी नियमच बदलू पाहिले, चोवीस तासांत माघार घेतली, पॅटरसन यांनी राजीनामा दिला आणि पुढच्या महिन्यात त्यांच्या पक्षाने ती पिढीजात जागा पोटनिवडणुकीत गमावली. मार्च २०२३पासून तिथल्या आचारसंहितेने खासदारांना संसदीय सल्ला विकायला बंदी केली, आणि बाहेरच्या कामाचा लेखी करार हवा, त्यात वशिलेबाजी करणार नाही असं स्पष्ट लिहिलेलं हवं, असंही ठरलं.

या प्रकरणातून मी एक सवय उचलली. विवरणपत्रात रक्कम पाहायची, तास पाहायचे, आणि भागाकार करायचा. ब्रिटनमध्ये तासांची नोंद २००९पासून सक्तीची झाली, ती फार शहाणपणाची सुधारणा होती. नुसत्या रकमेतून काही कळत नाही. दर कळला की त्या माणसाचं कौशल्य विकलं जातं आहे की त्याचं पद, हे बहुतेक वेळा कळतं.

न्यूयॉर्क राज्याच्या विधानसभेचे माजी अध्यक्ष शेल्डन सिल्व्हर यांचं प्रकरण याहून गुंतागुंतीचं. ते वकील, आणि अध्यक्ष असतानाच वकिलीतून मोठी कमाई करत. मोठे बांधकाम व्यावसायिक आपली मालमत्ता-कराची कामं एका विशिष्ट वकिली कार्यालयाला देत, आणि ते कार्यालय फीचा वाटा सिल्व्हर यांना देई. सिल्व्हर त्या कामात बोटही लावत नसत. याच व्यावसायिकांच्या हिताचे कायदे मात्र त्यांच्या सभागृहापुढे येत. खटला दोनदा चालला, काही आरोप अपिलात टिकले नाहीत, पण बांधकाम व्यावसायिकांशी संबंधित आरोप टिकले आणि २०२० साली साडेसहा वर्षांची शिक्षा झाली. इथे कागदोपत्री काय होतं? एक वकील, एक कार्यालय, वाटून घेतलेली फी. बाहेरून पाहणाऱ्याला साधा व्यवसाय दिसला असता. दोनच वर्षांनी, २०२२च्या अखेरीस, न्यूयॉर्कने आमदारांचं वेतन १,४२,००० डॉलर केलं आणि बाहेरच्या कमाईला ३५,००० डॉलरची मर्यादा घालणारा कायदा केला. पगार वाढ आणि मर्यादा एकत्र आणली, हे मला पटतं.

वकील सदस्यांबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण हा माझा स्वतःचा पेशा आहे आणि इथेच पाणी सर्वांत गढूळ आहे. भारतात सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८मध्ये निर्णय दिला की खासदार-आमदार वकिली करू शकतात. बार कौन्सिलच्या नियमानुसार पूर्णवेळ पगारी नोकराला वकिली करता येत नाही. पण लोकप्रतिनिधी हा सरकारचा नोकर नाही, मालक-नोकर हे नातंच तिथे नाही, असं न्यायालय म्हणालं. कायद्याच्या भाषेत हे बरोबर आहे. अडचण दुसरीकडे आहे. वकील आपल्या पक्षकाराचं नाव सांगायला बांधील नसतो. गोपनीयता हा आमच्या व्यवसायाचा कणा आहे. मग एखादा सदस्य एका उद्योगसमूहाची बाजू कोर्टात मांडतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच क्षेत्राच्या विधेयकावर बोलतो, हे मतदाराला कळणार कसं? मी वकील सदस्यांना नेहमी सांगतो: ज्या समितीत बसता, त्या विषयातलं वकीलपत्र घेऊ नका. फी बुडेल, बुडू दे. काहींनी ऐकलं, काहींनी कार्यालय बदललं.

जर्मनीतला २०२१चा मास्क घोटाळा मी तरुण सहकाऱ्यांना नेहमी वाचायला देतो. महामारीत सरकारने मास्क खरेदी केले, आणि काही लोकप्रतिनिधींनी विक्रेत्याची गाठ घालून दिल्याबद्दल दलाली घेतली, लाखो युरो. दोघांची लाच घेतल्याच्या संशयावरून चौकशी झाली. पण २०२२मध्ये तिथल्या सर्वोच्च फौजदारी न्यायालयाने सांगितलं की हे सभागृहातलं काम नव्हतं, म्हणून कायद्याच्या व्याख्येत ती लाच बसत नाही. पद वापरून बाहेर पैसे मिळवले, आणि नेमकं ‘बाहेर’ म्हणून सुटले. ती फट बुजवणारं नवं कलम २०२४मध्ये आलं. त्याआधी २०२१मध्येच तिथे नियम कडक झाले: पूर्वी उत्पन्न टप्प्यांत सांगितलं तरी चालायचं, आता नेमका आकडा द्यावा लागतो, पैसे घेऊन वशिला लावायला बंदी आणि सदस्य म्हणून केलेल्या भाषणाचं मानधन घ्यायलाही. हे सहज झालेलं नाही. जुन्या, बऱ्याच सौम्य नियमांविरुद्धही नऊ खासदार घटना न्यायालयात गेले होते, आणि २००७ साली न्यायाधीश चार विरुद्ध चार असे विभागले गेल्यामुळेच ती याचिका फेटाळली गेली.

वेळेचा मुद्दा मी मुद्दाम मागे ठेवला. लोक सर्वांत जास्त तोच मांडतात आणि मला तो सर्वांत कमकुवत वाटतो. लोकप्रतिनिधीच्या कामाला ठरलेले तास नसतात. जो दुसरं काहीही करत नाही तो सभागृहात बसतोच असं नाही. स्वित्झर्लंडची संघीय संसद अर्धवेळ कामाच्या तत्त्वावरच उभी आहे: वर्षातून चार अधिवेशनं, प्रत्येकी तीन आठवड्यांचं, आणि त्याखेरीज समित्यांचं काम. स्वीडनच्या नगरपालिकांत बहुसंख्य सदस्य आपापली नोकरी सांभाळून काम करतात. मालकाने त्यांना त्यासाठी रजा दिलीच पाहिजे असा कायदा आहे. तिथलं लोकशाहीचं काम अडलेलं नाही. स्वित्झर्लंडमध्ये खरी कुरकुर आहे ती पैशावरून. आरोग्य समितीतले सदस्य विमा कंपन्यांशी निगडित पदं घेतात. पद सशुल्क की मानद हे सांगावं लागतं, रक्कम सांगावी लागत नाही. ही झाकलेली मूठ त्या देशाला शोभत नाही.

वेळेचा मुद्दा अजिबात नाही असं मात्र म्हणणार नाही. २०२१मध्ये ब्रिटनचे माजी अ‍ॅटर्नी जनरल जेफ्री कॉक्स ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्सच्या सरकारची बाजू एका चौकशी आयोगापुढे मांडायला कॅरिबियनमध्ये होते, आणि कोविडकाळातल्या सवलतीमुळे संसदेतलं त्यांचं मत प्रतिनिधीमार्फत नोंदवलं जात होतं. नियम मोडला नाही. पण ज्याने त्यांना मत दिलं, त्याला आपला माणूस समुद्रापार असल्याचं वर्तमानपत्रातून कळावं, हे मला पटत नाही. मंत्र्यांची गोष्ट वेगळी. त्यांनी बाहेरचं काम सोडलंच पाहिजे, आणि बहुतेक देशांत ते सोडतातही.

माझ्या कामातले दोन प्रसंग सांगतो. एक शिक्षक पहिल्यांदा निवडून आले. शाळेतले काही तास चालू ठेवावेत का, असं विचारायला आले होते. बोलता बोलता म्हणाले, एका बांधकाम कंपनीने ‘शैक्षणिक प्रकल्पांचा सल्लागार’ म्हणून पत्र पाठवलं आहे, महिन्यातून एक बैठक. मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला. ते बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, ‘अठरा वर्षं शिकवतोय साहेब, आजवर माझा सल्ला कुणी विचारला नव्हता.’ पत्र त्यांनी माझ्यासमोरच परत पाठवलं. शाळेचे तास चालू ठेवले.

दुसऱ्या प्रसंगात मी चुकलो. एका अनुभवी सदस्याच्या विवरणपत्रात सल्लागारपदासमोर रक्कम होती, तासांचा रकाना कोरा होता. तिथे तो भरणं बंधनकारक नव्हतं, म्हणून मी तसाच जाऊ दिला. वर्षभराने त्याच कंपनीच्या परवान्याचा विषय समितीपुढे आला आणि तो सदस्य तिथे पूर्णवेळ बसला, मतही दिलं. कुणी तक्रार केली नाही, काही सिद्धही झालं नाही. पण त्या कोऱ्या रकान्याबद्दल मी विचारायला हवं होतं. तेव्हापासून कोरा रकाना मी सही न करता परत पाठवतो.

भारतात राज्यसभेच्या सदस्यांसाठी हितसंबंधांची नोंदवही आहे, आणि तिच्यात पाच गोष्टी येतात: सशुल्क संचालकपद, नियमित मोबदल्याचं काम, कंपनीवर नियंत्रण मिळेल इतके भाग, सशुल्क सल्लागारी आणि व्यावसायिक कामं. चौकट चांगली आहे. ती अंगवळणी पडायला पाहिजे, कारण पैसे घेऊन सभागृहात तोंड उघडणं हा रोग प्रजासत्ताकाइतकाच जुना आहे. १९५१ साली हंगामी संसदेचे सदस्य एच. जी. मुद्गल यांनी मुंबईतल्या सोन्या-चांदीच्या व्यापाऱ्यांच्या संघटनेकडून पैसे घेऊन संसदेत त्यांची कामं केल्याचं चौकशी समितीने म्हटलं. ती समिती नेमण्याचा प्रस्ताव खुद्द पंतप्रधान नेहरूंनी मांडला होता. हकालपट्टी समोर दिसताच मुद्गल यांनी राजीनामा दिला, तरी सभागृहाने त्यांचं वर्तन हकालपट्टीच्याच लायकीचं होतं असा ठराव नोंदवला. २००५मध्ये प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेताना कॅमेऱ्यात सापडलेल्या अकरा खासदारांना संसदेने काढून टाकलं. या दोन्ही वेळी कुणाचीही नोकरी आड आली नव्हती.

आता तुमच्या भागातल्या बाईंकडे परत येतो. सर्वांत आधी पाहा, रुग्णालय सरकारी आहे की खासगी. भारताच्या राज्यघटनेत १०२ आणि १९१ ही कलमं लाभाच्या पदाबद्दल आहेत: खासदार-आमदाराला सरकारच्या अखत्यारीतलं पगारी पद ठेवता येत नाही, कायद्याने सूट दिली असेल तरच. सरकारी रुग्णालयातली नोकरी तिथे सदस्यत्वावरच बेतू शकते. ब्रिटनमध्ये मात्र सरकारी आरोग्यसेवेत ड्यूटी करणारे खासदार आहेत. म्हणून आपल्या सभागृहाला कोणता नियम लागतो ते आधी तपासून घ्या. स्थानिक संस्थांचे नियम पुन्हा वेगळे असतात.

त्यानंतर बाईंनाच विचारा, रागाने नव्हे. ड्यूटीचा दर बाकीच्या नर्सइतकाच आहे का? निवडून आल्यावर पद किंवा पगार वाढला का? रुग्णालयाच्या अनुदानाचा, जागेचा किंवा परवान्याचा विषय आला तेव्हा त्यांनी बोलण्याआधी ‘मी तिथे नोकरी करते’ असं सांगितलं का, आणि मतदानाला बाजूला बसल्या का? समितीच्या किती बैठका ड्यूटीमुळे चुकल्या? याची उत्तरं त्यांनी कागदासकट दिली, तर त्यांना काम करू द्या. आणि रान उठवणाऱ्यांनाही हेच चार प्रश्न लेखी पाठवा, त्यांच्या कंपन्यांची, भागीदारीची आणि सल्लागारपदांची नावं मागून. नर्सचं पगारपत्रक एका पानाचं असतं. त्यांच्याकडून किती पानं येतात, तेही पाहा.